खोट काढलेला ड्रोन

फोटोवाल्याला कॅमेऱ्याचा ड्रोन हवा होता आणि खिसा म्हणत होता, थांब. नव्याची किंमत ऐकूनच घाम फुटायचा. बायकोचं म्हणणं, लग्नांचा हंगाम संपला की धंद्यातले लोक जुने ड्रोन विकायला काढतात, तेव्हा बघू. पटलं, म्हणून तो थांबला.

तेवढ्यात त्याचा दोस्त वारला. दोस्त छपरं दुरुस्त करायचा. गळकी जागा खालूनच हेरता यावी म्हणून त्यानं ड्रोन घेतला होता. घर जरा सावरल्यावर वहिनींनी निरोप धाडला, भावजी, ड्रोन विकायचाय, मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच बघा.

त्यानं अंगणात उडवून पाहिला. वस्तू एकदम चोख. पण त्याच्या धंद्याची एक रीत होती: घेणाऱ्यानं पहिल्या भेटीत कौतुक करायचं नाही, खोट काढायची. विकणाराही ते जाणून असतो आणि त्यातलं निम्मं कानाआड करतो. सवयीनं जीभ चालली. बॅटरी फुगलीय, म्हणाला. कॅमेरा थरथरतो. वहिनी मान हलवत राहिल्या. पुन्हा येतो म्हणून तो निघाला. आठवडाभर ताटकळत ठेवलं की भाव आपोआप उतरतो, हा त्याचा अनुभव.

आठवड्यानं तो खिशात पैसे घेऊन गेला, तर वहिनींसमोर एक रंगारी बसलेला. उंच भिंती रंगवायचा. काम धरण्याआधी वरून पाहायला त्यालाही ड्रोन हवा होता. वहिनी त्याला सांगत होत्या, बॅटरी फुगलीय, कॅमेरा थरथरतो. फोटोवाला दिसताच त्यांना हायसं वाटलं.

"या भावजी." त्या रंगाऱ्याकडे वळल्या. "हेच ते, यातले जाणकार. यांनी डोळे उघडले नसते तर मी तुमच्या गळ्यात मारला असता." मग आवाज खाली गेला. "आमचे हे मला म्हणाले होते, एक नंबर घेतलाय. पैसे उडवले ते उडवले, वर मला खोटं सांगितलं. जाताना तरी बोलायचं होतं."

फोटोवाल्याचा हात खिशातल्या पैशांवर गेला. गप्प राहिलं तर ड्रोन मातीमोल भावानं आपलाच. रंगारी तर उठायलाच लागला होता.

"वहिनी, तो खोटं नाही बोलला. मी बोललो."

"म्हणजे?"

"ड्रोन चांगला आहे. भाव पाडायला बोललो."

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग तुम्हीच सांगा, खरी किंमत किती?"

त्यानं सांगितली. ती त्याच्या खिशातल्या पैशांहून बरीच जास्त होती. रंगारी चटकन हो म्हणाला आणि म्हणाला, जाणकार आहात तर एकदा उडवून दाखवा की.

नाही म्हणायला तोंड कुठे होतं? त्यानं ड्रोन अंगणातून वर नेला. पडद्यावर सगळी छपरं दिसू लागली, स्वच्छ, जराही न हलता. रंगारी खुशीत पडद्यावर वाकला. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या, आभाळाकडेही नाही. त्या फोटोवाल्याकडे बघत होत्या, आणि ड्रोन खाली उतरवेपर्यंत त्याला मान वर करता आली नाही.