कुंताबाईंची बोटं बोलू लागली

मित्रांनो, मी एक जुनी जोडणी आहे. आंबागडच्या कुंताबाईंच्या मेंदूत दोन चेतापेशी एकमेकींना निरोप देतात, त्यांच्या मधली. त्या एकसष्ट वर्षांच्या, मीही जवळपास तेवढीच.

निरोप घ्यायला माझ्या अंगावर इवली इवली दारं आहेत. एकेक दार चार तुकड्यांचं. कुंताबाई लहान होत्या तेव्हा त्यांत 'टू-बी' नावाचे तुकडे जास्त असत. असं दार उघडलं की बराच वेळ उघडं राही, कॅल्शियम भरपूर आत येई आणि मी झटकन बळकट होई. दोन दिवसांत कुंताबाई धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, शिकल्या! पुढे दारांत 'टू-ए' तुकडे वाढले. ही दारं लवकर मिटतात. शिकलेलं पक्कं राहिलं, पण नवं कुणी काही मागितलंच नाही. कितीतरी वर्षं मी तेच ते निरोप पोचवत राहिले.

मग यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत नात तृप्ती घरी आली. तिला ऐकू येत नाही. शाळेत ती हातांच्या खुणांनी बोलायला शिकली होती. आल्या आल्या भराभर काहीतरी सांगू लागली. कुंताबाईंना काही कळेना, त्यांनी नुसतीच मान हलवली. तृप्तीनं ते ओळखलं. हात खाली घेतले, आणि दोन दिवस आजीकडे पाहिलंच नाही.

"आई, राहू द्या. या वयात नाई जमत," सून शुभांगी म्हणाली.

"काहून नाई जमत? माही नात माह्यासंग बोलत नाई, अन् मी चूप बसू?"

कुंताबाई तृप्तीपुढे जाऊन बसल्या आणि हात पुढे केले.

बोटं चुकत. सकाळची खूण दुपारी विसरे. मी तरी काय करणार, माझी दारं मिटून जात! पण त्या पुन्हा तीच खूण करत, पुन्हा दार उघडे, थोडं कॅल्शियम आत येई. हळूहळू माझ्यावर आणखी वेगळ्या जातीची दारं येऊन बसली आणि बारीकसा निरोपही मला जोरात कळू लागला. किती वर्षांनी मी अशी हरखले!

अठराव्या दिवशी कुंताबाईंनी स्वतःचं वाक्य केलं, 'चल, तलावावर जाऊ.' तृप्तीनं त्यांचं एक बोट सरळ केलं आणि ती आजीच्या गळ्यात पडली. तलावाच्या पाळीवर दोघींचे हात असे चालले, की जेवायला बोलवायला शुभांगीला यावं लागलं.

"आई, एवढं काय बोलून राहिल्या?"

"तुह्या चुगल्या!" कुंताबाई म्हणाल्या, तेच तृप्तीला खुणेनं सांगितलं, आणि तिघीही हसत सुटल्या.

मित्रांनो, घरातल्या वयस्क माणसांना काही शिकवताना एकदा दाखवून कंटाळू नका. आमची दारं लवकर मिटतात खरी, पण उघडतात. जरा जास्त वेळा हाक मारावी लागते, एवढंच.