शेफाली कोण?

आनंदरावांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पडद्यावर डोळे रोखले. विंझरच्या शाळेतल्या संगणकावर त्यांच्या नातीला, प्रेरणाला, कुणी शेफाली रोज निरोप पाठवत होती.

"ही कोन बया?"

"तेच विचारायला बोलावलं, काका," हुमा मॅडम म्हणाल्या. "प्रेरणा तोंड उघडत नाही. आणि नियम तुमचाच आहे. अनोळखी माणसाशी बोलणाऱ्याला वर्षभर संगणक बंद."

नियम त्यांचाच होता. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणून परवाच्या सभेत टेबलावर हात आपटून त्यांनी तो मंजूर करून घेतला होता. आता तो घरावरच शेकला. दोष पोरीचा की त्या यंत्राचा, हेही त्यांना कळेना.

"वाचा तरी, काय लिवलंय."

मॅडमनी वाचलं. "केस विंचरताना अजून रडतेस का? आजीला सांग, आधी तेल, मग फणी."

आनंदराव चक्रावले. फणीवरून फसवणारा भामटा त्यांच्या ऐकिवात नव्हता.

"गोड बोलूनच फसवतात, काका."

प्रेरणा चोरून बघत होती ती मॅडमकडे नाही, आजोबांकडे. शेफाली, शेफाली, असं ते पुटपुटले आणि मध्येच थांबले.

लग्नात सुनेचं नाव त्यांनीच बदललं होतं. आपल्या आईचं नाव घरात राहावं म्हणून तांदळाच्या ताटात मुलाकडून, अमृतकडून, 'सगुणा' लिहवून घेतलं. माहेरचं नाव त्या दिवशी गेलं ते गेलंच. पुढे नवरा-बायकोचं बिनसलं, ती पुण्याला निघून गेली, तेव्हा तिचं नाव या घरात काढायचं नाही, असंही त्यांनीच बजावलं होतं. पोरीनं ते आजवर मुकाट पाळलं होतं.

"ओळखीची आहे का? नसेल तर मला बंद करावं लागेल."

हो म्हणावं तर कोण लागते ते सांगावं लागणार. सून म्हणावं, तर ती सून राहिली होती कुठं? त्यांना आधी पोरीचा राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली.

"वळखीची हाय," ते म्हणाले. "हिची आई."

प्रेरणानं मान वर केली.

आनंदराव खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.

"लिव तिला," ते चाचरत म्हणाले. "म्हनावं, आजा ईचारतोय, तुला आता कंच्या नावानं हाक मारायची?"