आबासाहेबांच्या दारचे पाणी

मित्रांनो, वालूरच्या आबासाहेबांच्या ओट्याशेजारी अर्धा मातीत पुरलेला मी एक रांजण. आता माझ्या काठाचा टवका उडाला आहे आणि पोटात केर साचला आहे. पण निजामाच्या राजवटीत माझा मोठा मान होता. कुंभाराने मला थापटून घडवले, भाजले आणि बैलगाडीत कडब्यावर बसवून इथे पोचवले.

आबासाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई रोज मला घासून भरत. वाटसरू पोटभर पाणी पीत आणि सोनपेठच्या बाजारापर्यंत आबासाहेबांचे नाव काढत. ते ऐकून मीही फुगून जाई.

एका उन्हाळ्यात भर दुपारी त्यांची थोरली लेक बायना सासरहून पायी आली. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तिला हाकलले होते. पायांना फोड आले होते. आबासाहेब उंबऱ्यात आडवे उभे राहिले.

"आल्या पावली माघारी जा, बायना. धाकटीची सोयरीक जुळायलीय. माझी इज्जत हाय गावात."

"आबा, मी कुठं जाऊ?"

ते उंबऱ्यातून हलले नाहीत. पदराने तोंड झाकून ती माझ्याजवळ बसली.

तेवढ्यात येडबा नावाचा परगावचा मेंढपाळ पाणी प्यायला आला. त्याला वाटले, कोणी वाटसरू बाई दमून बसली आहे. त्याने ओगराळे भरून तिच्या ओंजळीत पाणी ओतले.

"पी माय, लाजू नको. ह्या दारातून कुनी तहानलेलं गेलं न्हाई."

"व्हय दादा," बायना म्हणाली, "लय मोठं घर हाय."

आबासाहेबांची मान खाली गेली. माझे पाणी तिच्या बोटांतून गळत होते आणि मला माझ्याच कौतुकाची लाज वाटत होती.

येडबा गेला. आतून सारे ऐकणाऱ्या पार्वतीबाई बाहेर आल्या. त्यांनी माझ्यातून तांब्या भरला, नवऱ्याकडे न पाहता लेकीच्या पायांवर पाणी घातले आणि म्हणाल्या, "चल घरात."

आबासाहेब उंबऱ्यातून बाजूला झाले.

धाकटीची ती सोयरीक मोडली. गावात कुजबुज झाली, पण पाणी पिणारे येतच राहिले. कोणी कौतुक करू लागले, की आबासाहेब उठून आत जात. बायना पाणी द्यायला आली, की ते शरमेने तिच्याकडे न बघताच हात पुढे करत.

मित्रांनो, दाराशी रांजण जरूर भरून ठेवा. पण लोक तुमची वाहवा करतील, तेव्हा आपल्याच घरातले कोणी दाराबाहेर बसलेले नाही ना, तेवढे पाहा.