पैलवानाची फळी

“अहो, श्वास काय धरून बसलात? वजन त्याचं करतायत, तुमचं नाही!” बायकोनं कोपरखळी मारली, तेव्हा कुठे मिस्त्रींनी श्वास सोडला.

काट्यावर पैलवान उभा होता. पुढचे दोन पाय रुबाबात, मागचे दोन थरथरत. वासराएवढा थोराड कुत्रा, पण आता दहावं सरून अकरावं लागलं होतं.

“मागच्या दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मोठ्या जातीच्या कुत्र्यांना म्हातारपणी होतं असं. गोळ्या देते. वजन थोडं उतरवा, गुळगुळीत जमिनीवर चालवू नका. आणि पायऱ्या बंद.”

“बंद कशा? माझं वर्कशॉपच पाच पायऱ्या वर आहे.”

“मग त्याला घरी ठेवा.”

मिस्त्रींचा चेहरा उतरला. पैलवान दारातल्या भुशावर बैठक मारून बसल्याशिवाय त्यांनी इतक्या वर्षांत करवतीला हात लावला नव्हता. तरी दोन दिवस त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं. पैलवान घराच्या उंबऱ्यावर वर्कशॉपकडे तोंड करून पडून राहिला, वाडग्याकडे ढुंकूनही पाहीना. आणि इकडे मिस्त्रींनी कपाटाचं दार अर्धा इंच आखूड कापलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

“आता काय ते एकदाचं करा,” बायको म्हणाली. “दोघांची तोंडं बघवत नाहीत मला.”

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली. पायऱ्यांवरून अंगणात उतरणारी लांबच लांब, सौम्य उताराची फळी करायची ठरली. तीन दिवस ते तिच्यात बुडून गेले. त्यांचा एक नेम होता. काम झालं की डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवायचा. कुठे म्हणजे कुठेच अडकला नाही, तरच कडेला पटाशीनं तीन बारीक रेघा ओढायच्या. ती त्यांची खूण. त्यांनी फळीला रंधा मारला, तीनदा घासली, पॉलिशचे दोन हात दिले. फळीत आभाळ दिसायला लागलं.

“भांग पाडावा हिच्यात बघून,” बायको म्हणाली.

पैलवानानं एक पंजा ठेवला. तो सर्रकन मागे आला. बिस्किट दाखवल्यावर त्यानं धीर करून दुसरा ठेवला, तर मागचे पाय दोन दिशांना फाकले. मिस्त्रींनी झेप घेऊन त्याला पोटाखाली धरलं. पैलवान बाजूला जाऊन बसला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत तक्रार असती तर बरं झालं असतं.

“डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? गुळगुळीत नको. तुम्ही तर आरसा मांडलात.”

“मग काय खरखरीत काम करू? या हातांनी?”

बायको हळूच म्हणाली, “फळी तुमच्या हातांसाठी आहे, की त्याच्या पायांसाठी?”

मिस्त्रींनी करवत उचलली आणि आपल्याच पॉलिशवर ती आडवी ओढली. पहिला ओरखडा काढताना त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्याला मात्र फिरवलं नाही. वीतभर अंतरानं आडव्या पट्ट्या ठोकल्या, रंगाचा जाड हात दिला आणि ओल्या रंगावर मूठमूठ वाळू पेरली.

सकाळी पैलवानानं फळी हुंगली. एक पंजा. थांबला. दुसरा. मग मागचे पाय पट्टीला टेकवत, सावकाश, पण ऐटीत तो वर पोचला आणि धप्पकन भुशावर बसला. शेपटीनं एवढा भुसा उडाला की मिस्त्रींना डोळे पुसावे लागले.

दुपारी कपाटवाल्या बाई आल्या. “अगं बाई! मिस्त्री, हे कुठल्या शिकाऊ माणसाचं काम?”

“माझंच,” मिस्त्री छाती पुढे काढून म्हणाले. “चढून बघा की!”

संध्याकाळी वर्कशॉप बंद करून ते फळीपाशी गुडघ्यांवर बसले. गुडघे कटकन वाजले. डोळे मिटून त्यांनी खालच्या टोकापासून सरकत वरच्या टोकापर्यंत तळवा फिरवला. इंचाइंचाला वाळू टोचत होती. कुठेही गुळगुळीत लागलं नाही. त्यांनी पटाशी घेतली आणि कडेला तीन रेघा ओढल्या.

मग उठून त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं.

“बघतेय हं मी!” स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला.

“बघ की,” मिस्त्री म्हणाले.

पुढे पैलवान उतरू लागला आणि त्याच्या मागे मिस्त्री. दर पट्टीवर दोघंही जरा थांबत होते.