ड्रमच्या पोटातली उशी

मित्रांनो, तुमच्या घरच्या उशा पलंगावर लोळत असतील. मीही एक जुनी उशीच आहे, पण माझा मुक्काम असतो ड्रमच्या पोटात. हसू नका. रॉक बँडमध्ये पायाने वाजवायचा तो सगळ्यात मोठा, आडवा ड्रम असतो ना, त्याला ही मंडळी किक म्हणतात. तो रिकामा ठेवला तर एका ठोक्यावर कितीतरी वेळ घुमत बसतो. म्हणून त्याच्या पोटात उशी कोंबतात. जादाचा आवाज उशी गिळते आणि ठोका नेमका उमटतो. टाळ्या मिळतात वाजवणाऱ्याला, आणि ते योग्यच आहे. उशीचं नाव कुणी घेत नाही याचं मला काही वाटत नाही. मला वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

माझा जन्म पेणजवळच्या कासूचा. तिथे स्टेशनापासून थोडं आत पुंडलिकचं शेत आहे. पावसाळ्यात भात, थंडीत वाल. बांधावर एक सावरीचं झाड आहे. उन्हाळ्यात त्याची बोंडं उकलली की पुंडलिकची बायको इंदुबाई कापूस पदरात गोळा करायची आणि ओटीवर बसून त्यातल्या बिया काढायची. शेजारीण विमलबाई तिला चिडवायची, "काय गो इंदू, पेणचा गादीवाला मेला काय?"

"माझ्या रितूला बाजारची उशी नाय चालत," इंदुबाई म्हणायची. "मान आखडते त्याची."

तो रितू म्हणजे रितेश, तिचा थोरला. माझ्यावर त्याने झोपावं म्हणून तिने मला एवढ्या मायेने भरलं, पण या पोराला झोप कुठली! दोन काठ्या घेऊन तो मलाच बडवायचा. शाळेतून आला की बडव, जेवणाआधी बडव. माझा अभ्रा फाटला, पुन्हा शिवला, पुन्हा फाटला. त्याची धाकटी बहीण मनस्वी म्हणायची, "दादा, उशीला मारतोस त्यापेक्षा अभ्यास कर." खरं सांगू? मला तो मार आवडायचा. त्याच्या हातात ताल होता. मी त्याचा पहिला ड्रम आहे, हे मी अजूनही मोठ्या दिमाखाने सांगते.

पुढे रितेश पेणला कॉलेजात गेला आणि तिथे बँड जमला. रोह्याचा आदर्श गाणार आणि गिटार वाजवणार, जोह्याची मनाली बेस गिटार वाजवणार, आणि रितेश ड्रमवर. बँडचं नाव ठेवलं 'खाजण', आमच्याकडच्या खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीवरून. तालीम चालायची जोह्याला, मनालीचे वडील महिपती यांच्या गणपतीच्या कारखान्यात. पत्र्याची शेड, भिंतीला रंग न लावलेल्या मूर्तींच्या रांगा, आणि मधल्या मोकळ्या जागेत ही तीन भुतं. ड्रम वाजला की पत्रे थरथरायचे. महिपती काका कानात बोटं घालून म्हणायचे, "माझ्या गणपतीचे कान सुपाएवढे हायत म्हणून सोसतायत बिचारे. तुमचे एवढुसे कान, जपा रे पोरांनो!"

पोरं हसायची. मोठ्यांचं कुणी ऐकलंय का कधी!

किक घुमते म्हणून मनालीने उशी आणायला सांगितली, तेव्हा रितेशने मला घरून उचललं. इंदुबाई दारात आडवी आली. "अरे, उशी ढोलात घातलीस तर तू झोपणार कशावर?"

"ढोलावर, आई," तो म्हणाला आणि पळाला.

मग सुरू झाला आमचा दौरा. आधी रायगडातली कॉलेजं, मग पुणे, नाशिक, कोल्हापूर, गोवा. एक टेम्पो, त्यात सगळं सामान आणि सामानाच्या फटीत ही तिघं. कुठे जेवण मिळायचं, कुठे नुसता वडापाव. कुठे माणसं स्टेजसमोर नाचायची, कुठे समोर फक्त खुर्च्या असायच्या. तरी पोरं खूश होती. कार्यक्रम संपला की रितेश मला ड्रमच्या पोटातून ओढून काढायचा आणि टेम्पोत माझ्यावर डोकं टेकायचा. घामाने भिजलेलं ते डोकं मला मोठ्या मानाचं वाटायचं. दिवसभर त्याच्या पायाशी आणि मग त्याच्या कानाशी, असं माझं आयुष्य चाललं होतं.

त्याच्या कानाशी होते, म्हणून मला सगळ्यांच्या आधी कळलं.

नाशिकला कार्यक्रम झाला त्या रात्री तो झोपेना. कूस बदलायचा, डोकं माझ्यात खुपसायचा. मग हळूच पुटपुटला, "कानात रातकिडे ओरडतायत. गप बसा ना रे." सकाळपर्यंत ते गप्प बसले असावेत, कारण तो शिट्टी वाजवत उठला. पण पुढच्या गावी ते परत आले. मग ते जाईनासेच झाले. फोन तो आधी डाव्या कानाला लावायचा, आता उजव्या कानाला लावू लागला.

मनालीने तिघांसाठी कानात घालायचे बोळे आणले होते. तिने आणि आदर्शने ते घातले. रितेशने एकदा घातले आणि काढून फेकले. "बोळे घालून वाजवायचं म्हणजे नाक दाबून जेवल्यासारखं वाटतं," म्हणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. कान बिघडलाय हे कळलं तर बँडमधून जावं लागेल, ही त्याची भीती. ती त्याने आईला सांगितली नाही, मित्रांना सांगितली नाही. सांगितली फक्त मला, तोंड माझ्यात दडवून. "कुणाला कळता कामा नये," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. मी कुणाला सांगणार होते? त्याच्या केसांतून हात फिरवावा असं वाटायचं, पण उशीला हात नसतात.

इकडे आदर्श आणि मनाली त्याच्यावर चिडू लागली. हाक मारली तर हा वळत नाही, विचारलं तर भलतंच उत्तर देतो, गाण्यात मागे राहतो. "चार ठिकाणी नाव झाला तर डोक्यात हवा गेली याच्या," आदर्श एकदा टेम्पोत मोठ्याने बोलला. रितेश शेजारीच बसला होता आणि खिडकीबाहेर बघून हसत होता. त्याला ते ऐकूच आलं नव्हतं.

जानेवारीत सगळे घरी आले. मोठ्या दौऱ्याला निघायचं होतं, पार बंगळूरपर्यंत, त्याआधी पुंडलिकने शेतावर पोपटी लावली. वालाला शेंगा भरल्या की आमच्याकडे पोपटी झाल्याशिवाय थंडी सरत नाही. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला घालायचा, वर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. आत शिजलंय की नाही ते उघडून बघता येत नाही. म्हणून मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडायचे आणि ऐकायचं. चर्र झालं की पोपटी झाली. लहानपणापासून हे काम रितेशचं. त्याचा कान इतका तिखट की त्याने "झाली" म्हटल्याशिवाय पुंडलिक जाळ ओढत नसे.

बसायला म्हणून मला टेम्पोतून आणलं होतं, त्यामुळे मी तिथेच होते. रितेशने पाणी शिंपडलं. मडकं चरचरलं. मला ऐकू आलं.

"अजून नाय," तो म्हणाला.

पुंडलिकने जाळ तसाच ठेवला. पोपटीत त्याचा शब्द शेवटचा. थोड्या वेळाने त्याने पुन्हा पाणी शिंपडलं. या वेळी तर केवढ्याने चरचरलं! मनस्वी म्हणाली, "दादा, झाली की!" तो तिच्या ओठांवरून समजला आणि हसला. "तुला भूक लागलीय, म्हणून. अजून गप हाय ती."

मग करपल्याचा वास आला. पुंडलिकने धावत जाऊन जाळ उधळला, मडकं सुलटं करून उघडलं. आतल्या शेंगांचा कोळसा झाला होता. आदर्श हसायला लागला. "काय रे, मस्करी करतोस काय?" पण इंदुबाई हसली नाही. ती पोराजवळ आली, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि विचारलं, "रितू, तुला ऐकू नाय आला?"

तो आधी म्हणाला, "काय?" आणि मग त्याला स्वतःलाच कळलं की आपण काय विचारलं. तो खाली बसला, मला पोटाशी धरलं आणि ओक्साबोक्शी रडला. अख्ख्या दौऱ्यात साठलेलं होतं ते. निखारे विझले तरी तो रडतच होता.

डॉक्टरने सांगितलं की डावा कान जवळजवळ गेला, उजवा निम्मा. गेलेलं परत यायचं नाही. वाजवणं थांबवलं तर उरलंय तेवढं राहील. रितेश ऐकायला तयार नव्हता. ओटीवर आदर्श आणि मनाली आली तेव्हा तो म्हणाला, "मी वाजवतो. हातापायांना काय झालंय माझ्या?"

"आम्हाला वाटला तू माजलास," मनाली रडत म्हणाली. "इतके दिवस तुझ्याशी धड बोललो नाय आम्ही."

आदर्श त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसला आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "तू वाजवलास तर मी गाणार नाय."

"म्हणजे मला काढताय."

"व्हय. काढतोय," आदर्श म्हणाला, आणि तोंड फिरवून रडायला लागला. मित्राला वाचवायचं तर मित्रालाच बाहेर काढायचं, असली पाळी वैऱ्यावरही येऊ नये. रितेशने त्या दिवशी दोघांनाही घरातून हाकलून दिलं.

बरेच दिवस त्याने काठ्यांना हात लावला नाही. मग एके दिवशी मला काखेत मारलं आणि जोह्याची एसटी धरली. कारखान्यात साहिल नावाचा पेणचा नवा मुलगा ड्रमवर बसला होता. रितेशला बघून तो घाबरून उठला. "बस," रितेश म्हणाला. त्याने मला किकच्या पोटात नीट बसवलं, कोपरे दाबले. ड्रमच्या कातड्यावर पालथा तळहात ठेवला आणि साहिलला पाय मारायला सांगितलं. कान न लावता, हाताला जाणवेल तसं तो एकेक गाणं त्याला शिकवत गेला. "इथे घाई नको. इथे आदर्श श्वास घेतो, त्याला घेऊ दे." शेवटी खिशातून नवे बोळे काढले आणि स्वतःच्या हातांनी साहिलच्या कानात घातले. "हे काढलेस तर टेम्पोत चढायचं नाय."

टेम्पो निघाला तेव्हा तो कारखान्याच्या दारात उभा होता. मी ड्रमच्या पोटात होते, त्यामुळे त्याचं तोंड मला शेवटचं बघता आलं नाही. आता तो तिथेच महिपती काकांच्या हाताखाली मूर्ती घासतो, असं मनाली सांगते. मी बंगळूरला आले, आणखी कुठे कुठे फिरले. साहिल गुणी पोर आहे, चांगला वाजवतो. पण कार्यक्रम संपला की मला कुणी बाहेर काढत नाही.

मित्रांनो, आवाज गिळणं हे माझं काम. जन्मभर मी तेच केलं, आणि ज्याच्यासाठी मला भरलं त्याच्याच कानापर्यंत जाणारा आवाज मला अडवता आला नाही. म्हणून एवढंच मागते. वाजवा, नाचा, गाणी हवी तेवढी ऐका, पण कान जपा. आणि कधी कानात रातकिडे ओरडायला लागले, तर त्याच दिवशी आईला सांगा, मित्राला सांगा. उशीला सांगू नका. उशी सगळं ऐकते, पण तिला कुणाला हाक मारता येत नाही.