नत्थुजींच्या विहिरीचं माप

दोन दिवसांच्या प्रशिक्षणाच्या बळावर अपेक्षाने अकोल्याच्या पाणीटंचाई ऑफिसात पहिली शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरने ओळीने पाळायच्या हुकमांची यादी, लिहिली. काम सोपं होतं. दर बुधवारी गावोगावचे निरीक्षक विहिरीत फीत सोडतात आणि पाणी किती खोल आहे ते मोबाईलवरून कळवतात. सगळे मेसेज एका फाइलीत पडतात. स्क्रिप्टने प्रत्येक गावाची ताजी ओळ उचलायची. पाणी पंधरा मीटरच्या खाली असलं, की त्या गावाला टँकर.

पहिल्याच फेरीत बार्शीटाकळीकडच्या एका गावाचं माप आलं एकोणीस. पाठवणारे तिथले निरीक्षक नत्थुजी. नत्थुजी होळीच्या आधीच वारले होते. श्रद्धांजलीचा मेसेज साहेबांनी, म्हणजे अनुपसरांनीच, ग्रुपवर टाकला होता.

मेलेल्या माणसाचं माप वर चालत नाही, ती ओळ गाळ, असं सर म्हणाले. ओळी निवडणाऱ्या ग्रेपला मायनस व्ही जोडलं, की ती निवडायच्याऐवजी वगळते. नत्थुजी वगळले गेले. माप नसलेल्या गावाला शेजारच्या गावाचं लावायचं, हा ऑफिसचा नियम. शेजारचे निरीक्षक भगवंतराव, हयात. माप चार. टँकर रद्द.

अपेक्षाने भगवंतरावांची मापं सॉर्ट करून, वेगवेगळी किती ते सांगणाऱ्या युनिकने मोजली. वर्षभर चारच. आषाढ असो की वैशाख, विहीर हलली नव्हती. बहुधा भगवंतरावही खाटेवरून हलले नव्हते.

नत्थुजींचा फोन घरात कोणी वापरत असेल म्हणून तिने त्यांच्या पत्नीला, पार्वताबाईंना फोन केला.

"त्याईचा मोबाईल तं त्याईच्यासंगंच सरणावर ठेवला, बाई. लय जीव होता त्याच्यावर."

पाणी किती खोल आहे, हे अपेक्षाने जरा दबकतच विचारलं.

"वीस मीटरचा दोर आनला, हातात मीटरभर उरते. टँकर काहून नाई पाठवून राहिले तुमी?"

अपेक्षाने मायनस व्ही काढून नत्थुजींची ओळ पुन्हा आत घेतली. अनुपसरांनी ती पडद्यावर बोट ठेवून वाचली. मग म्हणाले, "हयातीचा दाखला आपण तसा कोणाकडूनच घेत नाही." आणि सही केली. टँकर गेला.

पुढच्या बुधवारी भगवंतरावांचं चार सकाळीच आलं. दुपारी त्याच विहिरीचं आणखी एक माप आलं, सतरा. नंबर नत्थुजींचा. तेवढ्यात भगवंतरावांचा फोन.

"मॅडम, आमच्या विहिरीवर कोनाले पाठवलं? फीत खाली जाऊन राहिली, मानूस तं दिसत नाई."

अपेक्षाने यादीत भगवंतरावांच्या गावासाठी दुसरा टँकर टाकला.