नऊ नावं, एकच घर

अंधशाळेतल्या बाईंनी शिक्षकांच्या खोलीत छातीठोकपणे सांगितलं होतं, "यंत्र माझी लेक चालू करील." आता लेक घाम पुसत बसली होती आणि चार वाजता मुख्याध्यापिका येणार होत्या.

यंत्र जाड कागदावर ब्रेलचे ठिपके उठवणारं, वीस वर्षांचं. शाळेला नवे संगणक मिळाले आणि त्यांनी या म्हाताऱ्याला ओळखच दाखवली नाही. सोमवारी परीक्षा. यंत्र हललं नाही तर कुणीतरी पेपर मोठ्याने वाचून दाखवणार, असं ठरलं होतं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या स्वतः जन्मांध. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडून वाचणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

लेकीने दोन मॉड्यूल लिहिली होती, म्हणजे संगणकाच्या गाभ्याला, कर्नेलला, जोडायचे दोन तुकडे. पहिला केबलशी बोलणारा, दुसरा ठिपके उठवणारा. पहिला काल बिनबोभाट बांधून, म्हणजे संगणकाला चालवता येईल असा तयार होऊन, झाला. दुसरा मात्र शेवटच्या पायरीवर अडत होता: हे सिम्बॉल, म्हणजे फंक्शनचं नाव, सापडत नाही, ते सापडत नाही. तिने कर्नेलच्या फायली नव्याने उतरवल्या, सगळं पुसून पुन्हा बांधलं. पालथ्या घड्यावर पाणी.

"मला ऐकव," आई म्हणाली.

"आई, त्यात ऐकण्यासारखं काय आहे? नुसती फंक्शनची नावं आहेत."

"तीस वर्षं हजेरी घेतेय मी. लाव मुकाट्याने."

संगणकाचा पडदा वाचून दाखवणाऱ्या आवाजाने आईच्या सवयीच्या भरधाव वेगात नऊ ओळी घडाघडा म्हणून टाकल्या. लेकीला अर्ध्याही कळल्या नाहीत.

"नऊच्या नऊ नावांची सुरुवात सारखी आहे," आई म्हणाली. "एकाच घरातली पोरं. कुणाची गं?"

लेकीने नीट पाहिलं आणि ती ओशाळली. "माझीच. पहिल्या मॉड्यूलमधली."

"अख्खं घर गैरहजर असेल, तर पोरांना कशाला झोडपतेस? हजेरीपटच वर्गात आला नसेल."

काखेत कळसा नि गावाला वळसा! इतरांना वापरू दिलेल्या नावांची यादी पहिल्या मॉड्यूलसोबत तयार झाली होती, पण ती राहिली कालच्या फोल्डरमध्ये. ती कुठे आहे, हे दुसऱ्याला सांगायलाच लेक विसरली होती. तिने एक ओळ वाढवली आणि पुन्हा बांधायला लावलं.

आईने कान दिला. "आठ आले. एक अजून दाराबाहेर आहे."

त्या एका नावावर इतरांना वापरू द्यायची खूण करायचीच राहून गेली होती. तीही केली. दोन्ही मॉड्यूल क्रमाने कर्नेलवर चढवली, चाचणीची एक ओळ छापायला धाडली आणि यंत्राने असा खडखडाट मांडला की मुख्याध्यापिका चारच्या आधीच धावत आल्या. त्या शाळेत नव्या होत्या, ब्रेल अजून शिकत होत्या. त्यांनी पहिला कागद उचलला, उलटासुलटा केला.

"काय लिहिलंय यावर?"

"आणा इकडे," बाई ताठ उभ्या राहिल्या. "मी वाचून दाखवते तुम्हाला."

त्यांची बोटं ओळीवरून सरकली. मॉड्यूलच्या लेखिका, असं होतं, आणि पुढे दोन नावं. पहिलं त्यांचंच. त्यावरून त्यांनी बोट दोनदा फिरवलं. लेकीचं नाव मात्र त्यांनी असं खणखणीत वाचलं की शेजारच्या वर्गातली मुलंही गप्प झाली.